जॅक लंडनने पक्ष सोडला, की पक्षाने लढा सोडला?

रानपाखरू

गेले दोन महिने जॅक लंडन या अमेरिकन लेखकाचं राजकीय लेखन सलग वाचते आहे. शाळेत असताना त्याची कुत्र्या-लांडग्यांची पुस्तकं वाचली होती, आणि आपल्याकडे बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथेच थांबते. पण हा माणूस वीस वर्षं समाजवादी पक्षाचा सभासद होता. दोनदा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या महापौरपदासाठी उभा राहिला, गावोगाव फिरून भाषणं दिली, आणि पत्राखाली सही करताना 'तुमचा, क्रांतीसाठी' असं लिहायचा.

सुरुवात 'मी समाजवादी कसा झालो' या १९०३ सालच्या छोट्या लेखापासून केली. तो प्रामाणिकपणे सांगतो की पुस्तकं वाचून आपण समाजवादी झालो नाही. अठराव्या वर्षापर्यंत त्याला आपल्या दंडांचा फार गर्व होता. जो बळकट आहे त्याला काम मिळतं, जो पडतो तो आळशी, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. मग १८९४ मध्ये, मंदीच्या काळात, तो बेकारांच्या मोर्चाबरोबर आगगाडीच्या डब्यांतून फुकट प्रवास करत पूर्वेकडे निघाला. वाटेत भेटलेली माणसं एकेकाळी त्याच्याइतकीच धट्टीकट्टी होती. खलाशी, शिपाई, मजूर. कामाने मोडली, अपघाताने लुळी झाली, आणि म्हाताऱ्या घोड्यासारखी मालकांनी सोडून दिली. नायगारा फॉल्सजवळ त्याला भटक्या म्हणून पकडलं आणि धड सुनावणी न करता तीस दिवस बफेलोच्या तुरुंगात टाकलं. उद्या आपले दंड थकले की आपणही याच खड्ड्यात, हे त्याला तिथे कळलं. तो म्हणतो की त्या खड्ड्याच्या भिंती दिसल्या त्या दिवशी जे पटलं, तसं पुढे कुठल्याही अर्थशास्त्राने पटवलं नाही.

आता माझा प्रश्न. ७ मार्च १९१६ रोजी त्याने होनोलुलूहून पक्षाचा राजीनामा लिहिला. कारण दिलं की पक्षात आग आणि लढाऊपणा उरलेला नाही, वर्गलढ्यावरचा भर गेलेला आहे. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, चाळिसाव्या वर्षी तो गेला. म्हणजे हे त्याचं शेवटचं राजकीय विधानच म्हणायचं. ते खरं मानायचं का? पक्ष मवाळ झाला होता, की तोच दूर गेला होता? मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून हा धागा.

चहाची_टपरी

वाचतोय. यातलं काहीच माहीत नव्हतं. सावकाश लिहा, पण सगळं लिहा.

ओकलंडनिवासी

मी अकरा वर्षं ओकलंडला राहतो. इथे बंदरालगतच्या चौकाला त्याचं नाव आहे. शेजारी हाइनोल्डचा जुना गुत्ता अजून चालू आहे. १९०६ च्या भूकंपात त्याची जमीन कलली, ती तशीच ठेवली आहे. ग्लास ठेवला की घसरतो. पोरगा असताना लंडन तिथे बसून अभ्यास करायचा.

रानपाखरू, निवडणुकांचे आकडे राहिले. १९०१ मध्ये त्याला अडीचशेच्या आत मतं पडली, १९०५ मध्ये ९८१. पण तोवर तो प्रसिद्ध लेखक झाला होता, त्यामुळे प्रत्येक सभा वर्तमानपत्रात यायची. त्याआधी १८९७ मध्ये सिटी हॉलसमोरच्या बागेत परवान्याशिवाय भाषण केलं म्हणून त्याला अटक झाली होती. वय एकवीस. 'पोरगेला समाजवादी' हे नाव वर्तमानपत्रांनीच त्याला दिलं. १९०५ च्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की तेव्हाचे बातमीदार आपल्याकडे एखाद्या विचित्र प्राण्याकडे बघावं तसे बघायचे. मागणी काय होती? पाणी, दिवे, ट्राम या सोयी नगरपालिकेच्या मालकीच्या असाव्यात. एवढ्यावर त्याला सुरुंगवाला ठरवलं.

गिरणगावकर

आमच्या घरात तीन पिढ्या गिरणीत गेल्या, म्हणून या माणसाकडे मी वेगळ्या वाटेने आलो. १८९३ मध्ये तो ओकलंडच्या ताग गिरणीत होता. ताशी दहा सेंट, रोज दहा तास, म्हणजे दिवसाला एक डॉलर. सव्वा डॉलर करतो म्हणाले, केला नाही. मग तो ट्राम कंपनीच्या वीजघरात कोळसा टाकायला लागला, महिना तीस डॉलरवर. नंतर कळलं की त्याच्या जागी आधी दोन माणसं होती, दोघांना चाळीस-चाळीस मिळायचे. म्हणजे मालकाचे महिन्याला पन्नास डॉलर वाचवणारा पोरगा तो स्वतःच होता, आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं.

हे वाचताना मला वडील दिसले. ते बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमचा कुणी आला नाही तर आत घ्यायचे. ज्याची पाळी आपल्याला मिळाली तो घरी आजारी पडलेला असतो, हे माहीत असायचं. वडील म्हणायचे, आत जाताना बरं वाटायचं आणि तेच वाईट वाटायचं. कुणाशी बोललं तर बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचे नाहीत. गिरणीचं नाव लिहीत नाही, तिथे आता उंच इमारत आहे.

तळटीप

गिरणगावकर, तुमच्या वडिलांचं वाक्य म्हणजे 'द स्कॅब' या निबंधाचा गाभा आहे. तो जानेवारी १९०४ मध्ये 'अटलांटिक मंथली'त आला. संपात काम करणाऱ्याला शिव्या देणारं लेखन तेव्हा ढिगाने होतं. लंडन शिवी देत नाही, व्याख्या करतो: तेवढ्याच मोबदल्यात दुसऱ्यापेक्षा जास्त देतो तो स्कॅब. मग ती व्याख्या तो वर वर नेत जातो. मजूर मजुराच्या पोटावर येतो, दुकानदार दुकानदाराच्या, कारखानदार कारखानदाराच्या, शेवटी देश देशाच्या. हौसेने कुणी स्कॅब होत नाही, पण ही व्यवस्था जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी तिथे आणून उभं करते, असं तो दाखवतो. ज्याने स्वतः दोन माणसांच्या जागी कोळसा टाकला त्याच्याकडूनच हे यायचं होतं.

भाषांतरासाठी शब्द हवा आहे. 'संपफोड्या' आहे, पण तो फक्त संपापुरता. इथे अर्थ मोठा आहे.

सदाफुली

त्याचं ते प्रसिद्ध स्फुट आठवलं. साप, बेडूक वगैरे घडवून झाल्यावर देवाकडे काहीतरी भयंकर उरलं, त्यातून त्याने संपफोड्या बनवला, असं काहीसं. आमच्या युनियनच्या एका जुन्या पत्रकावर त्याच्याच नावाने छापलेलं पाहिलं आहे. फार जळजळीत आहे.

तळटीप

सदाफुलीताई, ते त्याचं असल्याचा पुरावा सापडलेला नाही. त्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. नाव मात्र इतकं चिकटलं आहे की निघत नाही. वरच्या निबंधाशी ताडून बघा. स्फुटात संपफोड्या जन्मतःच नीच आहे, निबंधात तो परिस्थितीने तिथे ढकललेला माणूस आहे. दोन्ही एका डोक्यातून येणं मला अवघड वाटतं.

कायदेशीर_काकू

त्या स्फुटाची कोर्टकचेरीही झाली आहे. व्हर्जिनियात पोस्टमनांच्या युनियनने आपल्या वार्तापत्रात ते छापलं आणि सोबत युनियनमध्ये न आलेल्यांची यादी दिली. तिघांनी बदनामीचा दावा लावला. खालच्या कोर्टाने भरपाई मंजूर केली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कामगार वादात असे शब्द वापरलेच जातात, ते विधान म्हणून नव्हे तर संताप म्हणून वाचायचे, असा त्याचा आशय. न्यायालयानेही 'सामान्यतः जॅक लंडनचं मानलं जाणारं' अशा सावध भाषेतच उल्लेख केला.

कडुलिंब

धागा चांगला आहे, पण इतका वेळ कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. हा माणूस वर्णद्वेष्टा होता. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून गेला आणि 'पिवळं संकट' अशा मथळ्याचा लेख लिहिला. १९१० मधल्या एका कथेत चीनवर रोगजंतूंचा मारा करून अख्खी लोकसंख्या संपवली आहे, आणि निवेदकाच्या आवाजात कुठे हळहळ ऐकू येत नाही. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा विश्वविजेता झाला तेव्हा त्याला हरवायला गोऱ्या जेफ्रीजने परत यावं, असं आवाहन याच लेखकाने केलं.

आणि हे फक्त त्याच्या डोक्यातलं नव्हतं. त्या काळच्या अमेरिकन कामगार चळवळीचा मोठा भाग आशियाई मजुरांच्या विरोधात होता. चिनी मजुरांना बंदी घालणाऱ्या कायद्याला तिथल्या सर्वात मोठ्या कामगार महासंघाचा पाठिंबा होता. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, त्यातले बहुतेक शीख, गोऱ्या कामगारांच्या जमावाने मारहाण करून गावाबाहेर हाकललं. 'जगातल्या कामगारांनो' म्हणताना त्या जगात आपली माणसं नव्हती. हे बाजूला ठेवून राजीनाम्याच्या भाषेवर चर्चा करणं मला जमत नाही.

रानपाखरू

कडुलिंब, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. सुरुवातीच्या पोस्टमध्ये मीच लिहायला हवा होता. ती चीनची कथा वाचून मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

रेवाकाठ

कडुलिंब यांच्या मुद्द्याला जोड. त्याच बेलिंगहॅमच्या मुलखात, वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये, ब्रिटिश सत्तेविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली. १९१३ मध्ये लाकूडगिरण्यांतले पंजाबी मजूर एकत्र आले, आणि त्यांच्यात आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. शेतीशास्त्र शिकायला गेलेला विद्यार्थी मजुरांमध्ये राहून संघटन करत होता. पुढे ते मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ झाले, ती वेगळी आणि थोर कहाणी.

आता लंडनकडे येते. गदरचे लाला हरदयाळ तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत आयडब्ल्यूडब्ल्यू या लढाऊ कामगार संघटनेच्या लोकांत वावरत होते. लंडनच्या १९१६ मधल्या 'द लिटल लेडी ऑफ द बिग हाउस' या कादंबरीत दार हयाल नावाचं पात्र आहे: हिंदुस्थानातून परागंदा झालेला तत्त्वज्ञ, ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड पुकारणारा. नावाची अक्षरं फिरवून बघा. म्हणजे आपला क्रांतिकारक त्याच्या पानावर आला, पण आला तो एका श्रीमंत जमीनदाराच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाद घालणारा पाहुणा म्हणून. गिरणीतला मजूर आलाच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

चहाची_टपरी

दार हयाल! रेवाकाठ, तुम्हाला माझ्याकडून एक स्पेशल चहा. खानखोज्यांवर वेगळा धागा काढाच.

लालदिवा

आयडब्ल्यूडब्ल्यूचं नाव आलं, तर चळवळीच्या फांद्या थोडक्यात सांगतो. त्यावाचून रानपाखरूंच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही.

१८९६ मध्ये लंडन सभासद झाला तो सोशालिस्ट लेबर पार्टीचा. हा पक्ष १८७० च्या दशकातला, बराचसा जर्मन स्थलांतरित कामगारांचा. १८९० पासून त्याच्यावर डॅनियल डी लिऑनचा पगडा होता. विद्वान माणूस, पण मतभेद झाला की माणूस बाहेर. दुसरीकडे यूजीन डेब्स, इंडियानाचा रेल्वे कामगार. १८९४ चा पुलमन संप त्याच्या संघटनेने लढवला, सरकारने सैन्य आणून मोडला, डेब्सला सहा महिने तुरुंग झाला. १९०१ मध्ये डेब्सचे लोक आणि डी लिऑनला कंटाळून बाहेर पडलेले एकत्र आले आणि सोशालिस्ट पार्टी ऑफ अमेरिका झाली. लंडन तिथे आला. १९०५ मध्ये शिकागोत आयडब्ल्यूडब्ल्यू निघाली. तिने रंग, देश, कौशल्य काही न बघता सगळ्यांना सभासद केलं. म्हणजे कडुलिंब म्हणतात ती वर्णद्वेषाची हवा होती, आणि त्याच काळात तिच्या विरुद्ध उभी राहिलेली कामगार संघटनाही होती. लंडनसमोर ती वाट उघडी होती, म्हणून त्याला 'काळच तसा होता' ही सवलत मी देत नाही.

१९१२ मध्ये डेब्सला राष्ट्राध्यक्षपदासाठी नऊ लाखांवर मतं पडली, सुमारे सहा टक्के. पण पक्षात दोन टोकं झाली होती. एक गट म्हणायचा गावोगावच्या नगरपालिका जिंकू, गटारं-पाणी नीट करू. दुसरा म्हणायचा खरी ताकद संपात आहे. १९१३ मध्ये आयडब्ल्यूडब्ल्यूच्या बिल हेवूडला पक्षाच्या कार्यकारिणीतून काढलं. लंडनने राजीनाम्यात जे म्हटलं त्याला हा आधार आहे.

मीरा_क

आता 'द आयर्न हील'बद्दल कुणीतरी लिहावं म्हणून वाट पाहत होते, शेवटी मीच लिहिते. १९०८ ची कादंबरी. मोठे भांडवलदार लोकशाही गुंडाळून ठेवतात आणि उघड दडपशाहीची सत्ता आणतात. कथा नायकाची बायको एव्हिस सांगते. तिचं हस्तलिखित अनेक शतकांनंतर सापडलं आहे आणि त्यावर त्या सुखी काळातला एक अभ्यासक तळटिपा देतो. 'संप म्हणजे काय', 'भाडोत्री गुंड म्हणजे काय' हे त्याला आपल्या वाचकांना समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्या जगात या गोष्टी उरलेल्याच नाहीत. त्या तळटिपांनी मला रडवलं. नायक भाषणं फार देतो, ते मान्य.

पण एक प्रकरण बघा. अमेरिका आणि जर्मनी यांच्यात युद्ध जाहीर होतं, आणि दोन्ही देशांतले कामगार एकाच वेळी सार्वत्रिक संप करून ते थांबवतात. प्रत्यक्षात ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाने युद्धखर्चाला मत दिलं. १९३७ मध्ये रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीने लंडनच्या मुलीला पत्र लिहून या कादंबरीची तारीफ केली, ती मुख्यतः पुढे आलेला फॅसिझम त्याला इतक्या आधी दिसला म्हणून. १९०८ मध्ये पक्षाच्या बऱ्याच समीक्षकांना मात्र ती निराशावादी वाटली होती. मतपेटीने सगळं मिळेल या आशेवर असलेल्यांना ती कशी आवडणार?

लालदिवा

मीरा, याच प्रकरणावरून मी त्याच्या विरुद्ध मत देतो. कादंबरीत युद्ध थांबवणारा संप लिहिणारा माणूस १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धाचा समर्थक होता. अमेरिकेचा समाजवादी पक्ष युद्धाच्या विरोधात उभा राहिला, आणि 'यांच्यात आग नाही' म्हणत हा बाहेर पडला. दोन वर्षांनी, जून १९१८ मध्ये, डेब्सने ओहायोतल्या कँटन गावी युद्धाविरुद्ध भाषण केलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि पुन्हा नऊ लाखांवर मतं घेतली. आग कुठे होती ते दिसतंच.

मेक्सिकोचंही तसंच. १९११ मध्ये बंडखोरांना जाहीर पाठिंबा, त्याच वर्षी 'द मेक्सिकन' ही सुंदर कथा, आणि १९१४ मध्ये तिथल्या वेराक्रूझ बंदरातून पाठवलेल्या वार्तापत्रांत अमेरिकी सैन्याची तरफदारी.

ओकलंडनिवासी

कॅलिफोर्नियातल्याच ग्लेन एलनला त्याची जागा बघून आलो आहे. मोठं शेत, डुकरांचा गोल गोठा, आणि १९१३ मध्ये राहायला जायच्या आत जळालेल्या घराच्या दगडी भिंती. मजूर, कर्ज, सतत लिहून पैसे आणण्याची ओढ. त्या भिंतींपाशी उभं राहिलं की राग येत नाही. पण होनोलुलूहून लिहिणारा माणूस ओकलंडच्या बागेतल्या पोरापासून किती लांब गेला होता, ते कळतं.

सदाफुली

थोडं अवांतर. लेनिन शेवटच्या आजारात असताना त्याची बायको क्रुपस्काया त्याला लंडनची 'लव्ह ऑफ लाइफ' ही कथा वाचून दाखवत होती. बर्फात उपाशी माणूस आणि त्याच्या मागे आजारी लांडगा. लेनिनला ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी तिने लंडनचीच दुसरी कथा घेतली, ती बूर्ज्वा नीतीने भरलेली निघाली, आणि तो हसून हात झटकून मोकळा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. एका लेखकाची दोन्ही टोकं दोन दिवसांत.

कडुलिंब

सदाफुली, ही आठवण छान. मी माझं मत बदललेलं नाही, पण 'द स्कॅब' वाचला, तळटीप यांच्यामुळे. आणि 'पीपल ऑफ द अ‍ॅबिस'चीही काही प्रकरणं. १९०२ च्या उन्हाळ्यात जुने कपडे घालून, खलाशी म्हणून तो लंडन शहराच्या पूर्व भागात राहिला. साठीच्या आसपासचे दोन कष्टकरी त्याच्याबरोबर चालताहेत, एक सुतार, एक गाडीवान, आणि बोलता बोलता वाकून फुटपाथवरच्या थुंकीतून संत्र्याची सालं उचलून खाताहेत. इकडे सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक. जो माणूस हे पाहू शकला त्याला चिनी मजूर दिसला नाही, याचा मला आता जास्तच संताप येतो.

रानपाखरू

सगळ्यांचं वाचून माझ्या प्रश्नाकडे परत येते. लालदिवा यांचा डेब्सचा मुद्दा मला खोडता येत नाही. १९१६ च्या पत्रातलं वर्णन पक्षाच्या एका भागाला लागू होतं, पण ते लिहिणाऱ्यालाही लागू होतं. मी ते पत्र आता पक्षावरचा आरोप म्हणून वाचत नाही. शेवटचं विधान म्हणून १८९७ ची अटक, 'द स्कॅब' आणि १९०६ मधली 'द अ‍ॅपोस्टेट' ही कथा धरते. आणि ती चीनची कथा त्यांच्या शेजारी ठेवते, कपाटात मागे लपवत नाही. तळटीप, निबंधाचं भाषांतर आपण दोघं करू या का? शब्द सुचला नाही तर 'स्कॅब'च ठेवू.

तळटीप

जरूर. पहिली चार पानं रविवारपर्यंत पाठवतो.

गिरणगावकर

रानपाखरूताई, तुम्ही 'द अ‍ॅपोस्टेट'चं नाव घेतलंत म्हणून सांगतो. काल रात्री वडिलांना ती कथा मराठीत सांगितली. वय एक्याऐंशी, ऐकू कमी येतं, म्हणून जवळ बसून मोठ्याने. लहानपणापासून यंत्रावर राबलेला जॉनी आजारी पडतो, आणि अंथरुणात हिशोब मांडतो की वर्षात आपल्या हातांनी किती हालचाली केल्या. आकडा कोटींत जातो. मग बरा झाल्यावर तो कामावर जात नाही. घरातून निघतो, झाडाखाली पडून राहतो, आणि रात्री मालगाडीच्या रिकाम्या डब्यात चढून अंधारात हसतो. तिथे कथा संपते.

वडील बराच वेळ हातांकडे बघत होते. मग विचारलं, "त्याची हाजरी राहिली असंल ना गिरणीत? ते पैसे कुणी घेतले?"

तळटीप, भाषांतर झालं की मला पाठवा. हेही त्यांना वाचून दाखवायचं आहे.